पळून गेलेली मुलं आणि कमी पैशात सिनेमा करणारी माणसं

कोरडा_ओढा | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मागच्या आठवड्यात आमच्या जिल्हा पुरवणीत चार ओळींची बातमी होती. चौदा वर्षांचा मुलगा शिकवणीला म्हणून निघाला, परतला नाही. ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेल्याची’ तक्रार दाखल. दोन दिवसांनी त्याच पानावर, आणखी बारीक अक्षरात: मुलगा सुखरूप सापडला, तो स्वतःच घर सोडून गेला होता.

ही ‘फूस’ कुठून आली ते एका वकील मैत्रिणीने समजावलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण गृहीत धरूनच गुन्हा नोंदवायचा. हे चांगलंच झालं. त्याआधी ‘येईल दोन दिवसांत’ असं सांगून आईबापांची बोळवण व्हायची. पण त्या वाक्यात मुलगा काहीच करत नाही. त्याला कुणीतरी नेतं. त्याने शनिवारपासून दप्तरात एक जादा शर्ट घालून ठेवला होता, गाडीची वेळ पाहून ठेवली होती, यातलं काही त्या वाक्यात मावत नाही.

ते मावतं सिनेमात. आणि तेही मोठ्या सिनेमात नाही, पदरचे पैसे घालून किंवा दहा ठिकाणी हात पसरून केलेल्या सिनेमात. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने पहिला मोठा चित्रपट केला तो १९५९ चा ‘फोर हंड्रेड ब्लोज’, शाळा बुडवणाऱ्या, घर सोडणाऱ्या, शेवटी सुधारगृहातून पळणाऱ्या मुलाचा. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचा ‘बाडी थेके पालिये’ त्याच सुमाराचा, नावातच ‘घरातून पळून’. मीरा नायर यांचा पहिला कथापट ‘सलाम बॉम्बे’, १९८८. विक्रमादित्य मोटवानेचा पहिला चित्रपट ‘उडान’, २०१०. पहिलं मोठं काम आणि तेच नेमकं घर सुटलेल्या मुलाचं, असं इतक्यांदा होतं की मला तो योगायोग वाटत नाही.

माझं मत मांडतो. माणूस आयुष्यात पूर्णपणे एकट्याने घेतो असा पहिला निर्णय बहुतेक वेळा घर सोडण्याचा असतो. चुकीचा असेल, धोक्याचा असेल, पण त्याचा स्वतःचा. ज्याच्यामागे निर्माता नाही, स्टुडिओ नाही, त्या दिग्दर्शकाला तो निर्णय आतून ओळखीचा वाटतो.

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. तुम्ही पाहिलेलं, केलेलं, भोगलेलं लिहा.

मोगरा_दारातला | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१५

‘उडान’ मी तीन वेळा पाहिला आणि तिन्ही वेळा शेवटच्या धावण्यापाशी श्वास अडकला. जमशेदपूरच्या त्या घरात रोज सकाळी बाप मुलाला पळायला लावतो, त्याच्याशी शर्यत लावतो. शेवटी बाप मागे लागतो तेव्हा मुलगा त्याच पळण्याच्या जोरावर सुटतो. बापानेच तयार केलेले पाय. आणि धाकट्या सावत्र भावाला तो मागे सोडत नाही, म्हणून तो चित्रपट मला फार जवळचा.

निळी_छत्री | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

ओढा, तुमचं मत पटलं, पण त्यात व्यवहाराची बाजू राहिली. मी अठरा मिनिटांचा एक लघुपट केला आहे, घरातून निघालेल्या मुलाचाच. तो विषय मी निवडला त्यात मनाचा भाग होता तसा खिशाचाही होता.

पळालेल्या मुलाच्या गोष्टीला घर एकदाच लागतं. पुढे सगळं रस्त्यावर: एसटी स्टँड, रसवंती, पुलाखालची सावली, दिवसाचा उजेड. सेट नाही, लाइटचा ट्रक नाही. नावाजलेला नट घेतला तर उलट नुकसान, कारण ओळखीचा चेहरा हरवलेला वाटत नाही. लोकांना वाटतं कपड्यांचाही खर्च नाही, एकच शर्ट. तिथे मात्र मी फसलो. शर्ट एकच असतो पण तो मळत जातो, आणि आपण प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित करतो. म्हणून एकाच कापडाचे चार शर्ट शिवून घेतले: कोरा, एका रात्रीचा, तीन दिवसांचा आणि शेवटचा. शेवटचा माझ्या आईने चहापत्तीच्या पाण्यात उकळून दिला.

रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरण करायचं तर परवानगी आणि शुल्क, ते झेपणारं नव्हतं. म्हणून मूळ कथेतला फलाट गेला आणि तालुक्याचा एसटी स्टँड आला. त्याने कथा बदलली, माझ्या मते सुधारली. रेल्वेत मुलगा गर्दीत मिसळून जातो. एसटीत कंडक्टर विचारतोच, ‘कुणाबरोबर आहेस रे?’ हा प्रश्न मी लिहिलाच नव्हता. चित्रीकरणाच्या दिवशी खऱ्या कंडक्टरने आमच्या मुलाला तो विचारला. मुलगा गडबडला आणि त्याने मागच्या सीटवरच्या आजीकडे बोट दाखवलं. आजी आमची नव्हती. तिने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, ‘माझ्याबरोबर हाय.’ नंतर तिला सगळं समजावलं, तिने आनंदाने होकार दिला. ते चित्रपटात आहे आणि त्यातलं सगळ्यात चांगलं तेच आहे.

कायद्याचंही सांगतो, कारण नवीन मुलं विचारतात. बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही, मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आपल्याकडे पैसा कमी आहे म्हणून यात सूट मिळत नाही, मिळूही नये.

दूरदेशी | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

मी सिएटलजवळ राहते. इथल्या पाइक स्ट्रीटवरून मी कित्येकदा चालले आहे. पर्यटक, मासळीबाजार, फुलांचे गुच्छ. याच रस्त्यावर १९८३ मध्ये घरातून पळालेल्या किशोरवयीन मुलांचा अड्डा होता, आणि त्यांच्यावरचा ‘स्ट्रीटवाइज’ हा माहितीपट मी इथे येऊन सहा वर्षांनी पाहिला. त्यानंतर तो रस्ता मला पूर्वीसारखा दिसलेला नाही.

छायाचित्रकार मेरी एलन मार्क ‘लाइफ’ मासिकासाठी इथे आल्या होत्या. सिएटल निवडलं कारण ते अमेरिकेतलं राहायला सर्वोत्तम शहर म्हणून गाजत होतं. तिथेही मुलं रस्त्यावर असतील तर मग कुठे नसतील, असा विचार. मग त्यांचे पती मार्टिन बेल यांनी त्याच मुलांवर माहितीपट केला. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

त्याआधी याच बाई १९७८ मध्ये मुंबईत फॉकलंड रोडच्या वेश्यावस्तीत होत्या. तिथल्या स्त्रियांची छायाचित्रं काढली, त्याचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. आणि ‘सलाम बॉम्बे’मधली गल्ली कोणती? तीच. हे दोन धागे जोडणारं कुणी मला भेटलं नाही म्हणून इथे लिहिते.

‘स्ट्रीटवाइज’मधली चौदा वर्षांची टायनी विसरता येत नाही. पण मला हलवलं ते पुढच्या गोष्टीने. मार्क आणि बेल तिला सोडून गेले नाहीत. तीस वर्षं भेटत राहिले, छायाचित्रं काढत राहिले, आणि २०१६ मध्ये तिच्यावरचा दुसरा चित्रपट आला, त्यात ती दहा मुलांची आई आहे. मार्क त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. पळालेलं मूल चाळिशीत कसं दिसतं हे मी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात पाहिलेलं नाही.

पाटीपुस्तक | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मला या कौतुकात सामील होता येत नाही.

ब्राझीलचा ‘पिशोते’ घ्या, दिग्दर्शक हेक्टर बाबेंको, १९८०. सुधारगृहातून पळालेल्या मुलांची गोष्ट. नायक साओ पाउलोच्या वस्तीतला खराखुरा मुलगा, फर्नांदो रामोस दा सिल्वा. चित्रपट जगभर गेला, दिग्दर्शक पुढे हॉलीवूडमध्ये पोहोचला. मुलाने अभिनय करून पाहिला, जमलं नाही, वस्तीत परतला. १९८७ मध्ये पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. वय एकोणीस.

‘सलाम बॉम्बे’चा शफीक सय्यद स्वतः बंगळुरूहून पळून मुंबईला आलेला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे काम मिळालं नाही, बंगळुरूला जाऊन रिक्षा चालवली. रिक्षा चालवणं कमीपणाचं नाही, माझे वडील आयुष्यभर टेम्पो चालवत होते. पण कान महोत्सवात टाळ्या मिळवायच्या आणि मग त्या मुलाला एकट्याने परत पाठवायचं, याला आपण काय म्हणणार?

पळालेलं मूल हा दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट होतो. मुलाचा मात्र बहुतेकदा पहिला आणि शेवटचा.

निळी_छत्री | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

@पाटीपुस्तक, तुमचं वाचून लगेच उत्तर सुचलं नाही. आमच्या मुलाने शेवटच्या दिवशी सामान आवरताना विचारलं होतं, ‘आता परत कधी?’ मी म्हणालो होतो, बघू. त्याला दोन वर्षं झाली.

फलाट_सहा | ६ ऑक्टोबर, पहाटे ५:२०

रात्रपाळी संपवून लिहितोय. मी मुंबईतल्या एका मोठ्या स्थानकावर मुलांसाठी काम करतो. संस्थेचं नाव नको.

आधी पाटीपुस्तक यांना एक सांगतो. ‘सलाम बॉम्बे’मधून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, १९८८ मध्येच. एका मुलाचं काय झालं ते खरं आहे, आणि त्या संस्थेने पुढे किती मुलांना जेवण, शाळा, छप्पर दिलं तेही खरं आहे. दोन्ही सोबत धरा.

आता माझा अनुभव. नवीन आलेलं मूल ओळखू येतं. जुनी मुलं खाली बघतात, कारण खाली बाटल्या असतात, पैसे असतात. नवीन मूल वर बघतं. इंडिकेटर, घड्याळ, पत्रे, कबुतरं. त्याच्याजवळ जाऊन आम्ही आधी नाव विचारत नाही. पाणी हवंय का विचारतो. मग बसतो. कधी तासभर नुसतेच.

मूल पहिल्यांदा सांगतं ती गोष्ट खरी नसते. आईबाप मेले, सावत्र आई चटके देते, मामाने विकलं. काहींच्या बाबतीत हे खरं असतं, म्हणून प्रत्येक शब्द आम्ही गंभीरपणे घेतो. पण बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट येते, आठवड्याने तिसरी. तिसरी एवढीशी असते. बाबांनी पाहुण्यांसमोर मारलं. मोबाइल हातून पडून फुटला. निकाल घरी दाखवायचा होता. बहिणीला नवीन सायकल आणली, मला जुनीच. एवढीशी असते म्हणून ती सांगायला लाज वाटते.

सिनेमावाले आमच्याकडे येतात. भली माणसं असतात. म्हणतात, चांगली स्टोरी असलेला एखादा मुलगा द्या. त्यांना पहिली गोष्ट हवी असते. मी नाही म्हणतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. आमच्याकडचं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. त्या चोवीस तासांत त्याला कॅमेरा नको असतो, झोप हवी असते.

जो दिग्दर्शक तिसरी गोष्ट ऐकेपर्यंत थांबेल त्याला मी जन्मभर मदत करीन. आजवर एकच थांबली. चार महिने येत होती, वही न उघडता. कुठल्याही स्थानकावर असं मूल दिसलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, फिरवा, एवढंच.

कोरडा_ओढा | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

फलाट_सहा, ‘नवीन मूल वर बघतं’ हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. धन्यवाद हा शब्द अपुरा आहे.

तुमच्या तिसऱ्या गोष्टीवरून त्रुफो आठवला. ‘फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये मानसतज्ज्ञ बाई मुलाला प्रश्न विचारतात तो प्रसंग. बाई पडद्यावर दिसतच नाहीत. त्रुफोने मुलाचं काम करणाऱ्या जाँ-पिएर लेओला समोर बसवून स्वतः प्रश्न विचारले आणि उत्तरं त्याला मनाने द्यायला सांगितली. मुलगा टेबलावर हात खेळवत, खांदे उडवत बोलत राहतो. एवढीशी कारणं, एवढीशी खोटी, आणि मधूनच एखादं भयंकर खरं. त्रुफो स्वतः कुमारवयात तसल्याच कोठडीत राहून आलेला. तिथून त्याला सोडवायला धडपडले ते समीक्षक आंद्रे बाझँ, आणि ते या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू होता होताच वारले. चित्रपट त्यांनाच अर्पण आहे. आपल्याला कुणी सोडवलं हे ज्याला आठवतं तो तिसऱ्या गोष्टीपर्यंत थांबतो, असं मला वाटतं.

सांजवात | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

सगळं वाचलं. आता एक विचारते. वरच्या चर्चेत एक सिएटलची टायनी सोडली तर सगळे मुलगेच का आहेत?

मराठीत ‘त्यांचा मुलगा पळून गेला’ म्हटलं की लोक विचारतात, का? कुठे? नापास झाला का? ‘त्यांची मुलगी पळून गेली’ म्हटलं की एकच प्रश्न येतो: कुणाबरोबर? मुलगी एकटी, स्वतःसाठी, निव्वळ घर नको म्हणून निघू शकते, हे आपल्या भाषेलाच ठाऊक नाही. क्रियापद तेच, पण मुलीच्या बाबतीत त्याला एक अदृश्य मुलगा चिकटलेला असतो.

‘सैराट’ (२०१६) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्याला मोठं पाठबळ होतं, छोटा सिनेमा म्हणता येणार नाही. पण मध्यंतरानंतरचा भाग बघा. नागराज मंजुळे पळण्याची गोष्ट थांबवतात आणि पळून गेल्यानंतरच्या स्वयंपाकाची, झोपडपट्टीतल्या शौचालयाच्या वासाची, डोशाच्या गाडीवरच्या कामाची, पहिल्या पगाराची गोष्ट सांगतात. आर्चीला घराची आठवण येते, ती रडते, भांडते, निघूनही जाते, परत येते. प्रेमकथेत मुलीला एवढी मोकळीक नसते. आणि शेवटी घरच तिच्यापर्यंत चालत येतं, आहेर घेऊन.

एकटीने निघालेल्या मुलींसाठी मला तेहरानला जावं लागलं. किम लाँगिनोट्टो आणि झिबा मीर-हुसैनी यांचा २००१ चा ‘रनअवे’ हा माहितीपट, पळून आलेल्या मुलींच्या निवारागृहातला. कॅमेरा जवळजवळ त्या घरातच राहतो. मुली येतात, रडतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात. भाऊ, वडील न्यायला येतात. निवारागृह चालवणारी बाई घरच्यांशी अशी बोलते की ऐकत राहावं, समजूत काढते आणि दमही देते. काही मुली परत जातात. त्या गाडीत बसताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

दुसरी फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दाची मोना, १९८५. ‘व्हॅगाबाँड’ नावाने ओळखला जातो तो चित्रपट, व्हेनिसला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच थंडीने गारठून मेलेली मुलगी एका खड्ड्यात सापडते आणि मग तिला भेटलेले लोक एकेक करून बोलतात. ती कशापासून निघाली याचं समाधानकारक कारण वार्दा देत नाही. मुलीच्या चालत राहण्याला कारण द्यावं लागू नये, एवढा मान मराठी पडद्यावर कधी मिळेल?

मोगरा_दारातला | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

सांजवात, ‘अदृश्य मुलगा’ अगदी नेमकं. माझ्या वर्गातली एक मुलगी अकरावीत मावशीकडे निघून गेली होती, शिकायचं होतं म्हणून. गाव आजही म्हणतं, पळून गेलेली.

बार्शी_लाइट | ७ ऑक्टोबर, रात्री ११:५०

मी इथे फक्त वाचतो. आज लिहितोय.

१९८७ साली मी नववीत होतो. सहामाहीत गणितात नापास झालो. प्रगतिपत्रकावर वडिलांची सही घेऊन यायचं होतं. वडिलांनी मला कधी मारलं नव्हतं. त्यांनी मारलं असतं तर मी गेलो नसतो, असं आता वाटतं. ते नुसतं बघायचे.

आईच्या डब्यातले चाळीस रुपये घेतले. बार्शीहून छोटी गाडी, आम्ही बार्शी लाइट म्हणायचो, इतकी हळू की चढावर उतरून लघवी करून परत चढता यायचं. कुर्डुवाडीला उतरून रात्रीची मुंबई. दादरला एका उडप्याच्या हॉटेलात कपबश्या विसळायला लागलो. माळ्यावर झोपायचो. कुणी छळलं नाही. फलाट_सहा लिहितात ते खरं आहे, मीही पहिल्या दिवशी मालकाला आईबाप वारल्याचं सांगितलं होतं.

मालकाला ते खरं वाटलं नसावं. अठराव्या दिवशी त्याने पोस्टकार्ड पुढ्यात ठेवलं. म्हणाला, घरी कळव, नाहीतर इथे राहायचं नाही. मी आधी पत्ता लिहिला. वडिलांचं नाव, मु. पो., तालुका, जिल्हा. मग मजकूर सुचेना. स्वतःच्या अक्षरात वडिलांचं नाव बघत बसलो. दुसऱ्या दिवशी मालकाने पगार हातावर ठेवला, गाडीत बसवून दिलं. ते कार्ड मी टाकलं नाही.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर ‘सलाम बॉम्बे’ पाहिला. त्यात तो पोरगा पत्र लिहून देणाऱ्याकडे जातो, आईला लिहायला सांगतो की पाचशे रुपये जमले की येतो. लिहिणारा इरफान खान, तेव्हा अगदी कोवळा. मी थेटरातून उठून बाहेर आलो. सगळे म्हणतात तो पळालेल्या मुलाचा सिनेमा. माझ्यासाठी तो परत जायला धडपडणाऱ्या मुलाचा आहे.

आता मला जे म्हणायचंय ते. त्रुफोचा पोरगा समुद्रापाशी थांबतो आणि चित्र गोठतं. ‘उडान’मधली पोरं पळत पळत निघून जातात. छान आहे. पण मी एकोणीस दिवसांनी घरी आलो. संध्याकाळ होती. आई चुलीपुढे होती. तिने ताट वाढलं. वडील आले, हातपाय धुतले, माझ्या शेजारी बसून जेवले. कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, वडील २००४ मध्ये गेले तोवर नाही. चाळीस रुपयांचंही नाही. प्रगतिपत्रकावर सही झालेली होती.

ते न विचारणं मी आजतागायत वागवतोय. तेवढं कुणी पडद्यावर दाखवा.

कोरडा_ओढा | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

दोनदा वाचलं. माझा मूळ मुद्दा मला आता तोकडा वाटतोय. मी निर्णयावर बोट ठेवलं होतं, तुम्ही त्याच्या पलीकडचं दाखवलंत.

घटकांच्या ‘बाडी थेके पालिये’मधला कांचन मात्र परत येतो. कडक मास्तर बापाच्या धाकाने गावातून कलकत्त्याला पळालेला मुलगा. कलकत्ता म्हणजे सोन्याची नगरी अशी त्याची समजूत. तिथे फेरीवाला हरिदास भेटतो, भुकेली माणसं दिसतात, घरं हरवलेली माणसं दिसतात. घटक स्वतः फाळणीने पूर्व बंगाल गमावलेले. ज्याचं घर नकाशातूनच गेलं त्याने मुलाला घरी पोहोचवावं, आणि ज्याला सुधारगृहात टाकलं गेलं त्या त्रुफोने मुलाला समुद्रापाशी ठेवावं, याचा मी कालपासून विचार करतोय.

आपल्याकडे उमेश कुलकर्णींची ‘विहीर’ (२००९) याच्या जवळ जाते. नचिकेतला सगळ्यांपासून लांब जायचं असतं, तो विहिरीत बुडून जातो. मग त्याला शोधत त्याचा भाऊ समीर घराबाहेर पडतो. तिथेही जाणं कुणाच्या तरी मागे आहे, कशापासून तरी सुटायला नाही.

चौकटीबाहेर | ८ ऑक्टोबर, दुपारी १:००

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझा मुलगा दोन दिवस नव्हता. पंधराव्या वर्षी. तक्रार लिहून घेणाऱ्यांनी ‘फूस लावून’ असं लिहिलं तेव्हा मी ते वाक्य धरून बसले. कुणीतरी नेलं, म्हणजे तो आपल्याला सोडून गेला नाही. भयंकर होतं तरी त्यातल्या त्यात ते बरं वाटलं. तो सापडल्यावर म्हणाला, मीच गेलो होतो. मला ते ऐकायला वर्ष लागलं.

बार्शी_लाइट, तुमच्या आईवडिलांना विचारायचं नव्हतं असं नसेल. मला वाटतं, उत्तराची भीती होती. मी विचारलं, पण आठ महिन्यांनी.

पाटीपुस्तक | ८ ऑक्टोबर, रात्री १०:३५

माझा आक्षेप तसाच आहे, पण तो कुठे ठेवायचा ते आता कळलं. चित्रपट संपल्यावर दिग्दर्शक त्या मुलाकडे परत जातो का, एवढंच मी यापुढे बघणार. दूरदेशींनी सांगितलेली तीस वर्षं मला माहीत नव्हती.

@निळी_छत्री, त्या मुलाकडे जा. चित्रपट घेऊन नको, नुसतेच जा.

निळी_छत्री | १४ ऑक्टोबर, रात्री ९:२५

रविवारी गेलो होतो. तो आता दहावीत आहे, माझ्या खांद्यापर्यंत आलाय. क्रिकेटबद्दलच बोलला. निघताना चौथा शर्ट मागितला, चहात उकळलेला. म्हणाला, बसत नाही पण हवाय. पुढच्या वेळी नेऊन देणार आहे.

बार्शी_लाइट काका, धीर करून विचारतो. तुमची गोष्ट मला करायची आहे. एकोणीस दिवसांतला एकही दिवस मुंबईचा नसेल. नुसतं घर. पण घरात ते दिवस कसे गेले?

बार्शी_लाइट | १५ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मला माहीतच नाही. मी तिथे नव्हतो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, गावाकडे थोरल्या भावाकडे असते. दिवाळीला जाणार आहे. विचारतो.

बार्शी_लाइट | दिवाळीनंतर, रात्री १०:००

विचारलं. भाऊबीजेच्या दुपारी, ती तांदूळ निवडत होती.

ती म्हणाली, तू गेलास त्या रात्री तुझे बाबा कुर्डुवाडीपर्यंत जाऊन आले. सकाळी येऊन मला म्हणाले, लोकांना सांग की मामाकडे पुण्याला पाठवलाय, गणिताची शिकवणी लावलीय. मग मी एकोणीस दिवस आडावर ते सांगत होते. बायका विचारायच्या, करमतं का त्याला? मी म्हणायची, करमतं की. मामी काय काय खायला घालते तेही सांगायची. एक दिवस सांगताना घागर सुटली हातातून, आडात गेली. गळ टाकून काढली.

मी म्हटलं, मग मी आल्यावर का नाही विचारलंत?

ती म्हणाली, काय विचारायचं? तू शिकवणीहून आला होतास.

निळी_छत्री | रात्री १०:४०

काका, घागर तांब्याची की पितळेची?

बार्शी_लाइट | रात्री १०:५५

तांब्याची. बुडाला पोचा आहे, अजून घरात आहे. तुम्ही याल तेव्हा दाखवतो.